थांबा जरा, मी सांगतो

विद्याधरांना झटका आला तो सकाळी, शर्टाची बटणं लावताना. तिसरं बटण बोटांना सापडेना म्हणून त्यांनी बायकोला हाक मारली. हाक ‘नयना’ अशी निघायला हवी होती. निघालं ते भलतंच काहीतरी. नयनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते आणि उजवा हात कुणा परक्याचा असावा तसा मांडीवर पडला होता.

इस्पितळात वेळेवर पोचले, औषध वेळेवर मिळालं, आणि जिवावरचं बोलण्यावर निभावलं. काही आठवड्यांत पाय चालू लागला. हातही घास तोंडापर्यंत नेण्याइतका सुधारला. वाचा मात्र गेली ती गेलीच. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. कोण काय बोलतंय ते कळत होतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही लख्ख दिसत होतं. पण शब्द जिभेवर येता येता मध्येच कुठंतरी घसरायचा. लिहायला कागद दिला तर तिथंही अक्षरं जुळेनात.

उरला होता एकच शब्द: सरी.

विद्याधर पुण्याहून बंगळुरात आले ते पंचविशीत, सरकारी विमान कारखान्यात नोकरीला. निवृत्त झाले तेव्हा पंखांची ताकद तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. इतक्या वर्षांत कन्नड जेमतेम व्यवहारापुरतं आलं, पण ‘सरी’ पक्कं बसलं होतं. इथं भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे ‘ठीक आहे’ म्हणायला सरीच म्हणतात. आणि आता भरल्या घरातून सगळं सामान चोरीला जावं आणि दारातली पायपुसणी तेवढी राहावी, तसा तो एक शब्द राहिला होता. चहा हवा? सरी. चहा नको? सरी. पंखा बंद करू? थंडीनं दात वाजत असले तरी आणि घाम फुटला असला तरी, सरी. ओठ आवळून, सगळी ताकद लावून ‘नाही’ म्हणायला जावं, तरी बाहेर पडायचं ते सरीच.

“बाबा किती शांत झालेत गं,” त्यांचा मुलगा आशय एकदा आईला फोनवर म्हणाला. फोन स्पीकरवर होता. विद्याधरांनी ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्या माणसाचं एक ‘नाही’ ऐकून विभागातल्या तरण्याबांड इंजिनियरांची महिन्याभराची आकडेमोड पुन्हा सुरू व्हायची, त्याला आता लोक शांत म्हणत होते.

वाचोपचारासाठी त्यांना जयनगरच्या एका केंद्रात न्यायचे. तिथं बोलायला शिकवणारी धनलक्ष्मी मूळची निपाणीची. घरात मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळे दोन्हीत सारखीच फडाफडा बोलायची.

“घाबरायचं नाही बघा काका,” पहिल्याच दिवशी ती म्हणाली. “बोलणं कुठं पळून गेलं नाही तुमचं. नेहमीची वाट तेवढी बंद झालीय. दुसरी वाट काढू की आपण.”

ती वाट नयनाबाईंनाच आधी दिसली. एका सकाळी त्या देवापुढं आरती म्हणत होत्या आणि मागून आवाज आला. विद्याधर म्हणत होते. सुरातच नव्हे, चक्क शब्दांसकट. नयनाबाईंच्या हातातली घंटा थांबली तसा त्यांचाही आवाज थांबला, आणि “अहो, म्हणा ना पुढं” म्हटल्यावर पुन्हा तेच आलं: सरी.

धनलक्ष्मीला हे सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. “हेच पाहिजे होतं मला! बोलायचं काम मेंदूच्या डाव्या अंगाला, आणि काकांचं डावंच अंग दुखावलंय. सूर सांभाळायला उजवं अंग असतंय. म्हणून गाताना शब्द येतात. आता आरतीनं पाणी मागता येत नाही. एखादं छोटं गाणं करायला लागेल, रोज बोलायच्या शब्दांचं. घरात गाणारं कोण आहे का?”

“मुलगी आहे,” नयनाबाई म्हणाल्या. “गाणी करते. जाहिरातींची.”

विद्याधरांची मुलगी वल्लरी एकतीस वर्षांची होती. मैत्रिणीबरोबर तिनं एक छोटा स्टुडिओ काढला होता, आणि डासांच्या अगरबत्तीची तिची सात सेकंदांची चाल तेव्हा अख्ख्या शहराच्या तोंडी होती. ‘मुलगी काय करते?’ असं कुणी विचारलं की विद्याधर ‘संगीतात आहे’ म्हणायचे आणि विषय क्रिकेटवर न्यायचे. लाज वाटायची असं नाही. सात सेकंदांत काम करण्यासारखं असतं तरी काय, हे त्यांना कधी उमगलं नव्हतं, आणि न उमगलेल्या गोष्टीवर बोलायची त्यांना सवय नव्हती.

झटक्यानंतर वल्लरी बनशंकरीच्या घरी राहायलाच आली होती. तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि छोटा कीबोर्ड मांडला. विद्याधर समोरच्या आरामखुर्चीत. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ते पाहत राहिले.

पहिलं गाणं तिनं चार दिवसांत उभं केलं. मुखडा, तीन अंतरे, मधे बासरीचा तुकडा. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या फेरफटक्यापर्यंत बाबांचा सगळा दिवस त्यात होता. तिनं ते गाऊन दाखवलं तेव्हा नयनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. विद्याधरांनाही गोड वाटलं. ते गुणगुणलेसुद्धा. शब्द मात्र एकही निघाला नाही.

धनलक्ष्मीनं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. “वल्लरी, गाणं फार छान आहे. पण हे काकांनी ऐकायचं गाणं झालं. म्हणायचं नाही झालं.”

वल्लरीचा चेहरा पडला.  घरी येताच ती टेबलाशी बसली, आणि विद्याधरांच्या देखत तिनं चार दिवसांचं काम पुसून टाकलं. अंतरे गेले, बासरी गेली. मग पेन्सिल चावत ती एकेक शब्द पुटपुटू लागली. ‘चहा’ म्हणताना जीभ कुठं लागते, ‘पाणी’ म्हणताना ओठ कसे मिटतात, बाबांना यातलं काय आधी जमेल. एकच ओळ ती तीस-चाळीस तऱ्हांनी म्हणून पाहायची. एखादा शब्द अर्धी मात्रा पुढं ढकलायची, मान हलवायची, परत मागं आणायची.

आणि आरामखुर्चीत विद्याधर हळूहळू ताठ बसले. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं. दिसायला देखणा, कागदावर चोख असा एक पंख त्यांच्या चाचणीत अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भाराला तडकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना पहिल्या खिळ्यापासून सुरुवात करायला लावली होती. त्यांची मुलगी आज तेच करत होती, आणि तिला कुणी करायला लावलेलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. तिला सांगावंसं वाटलं की बाई, मी आजवर ज्यांना शिकवलं त्यांतल्या निम्म्यांना हे धैर्य नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

“सरी,” ते म्हणाले.

“हो बाबा, पंखा लावते,” वल्लरी म्हणाली आणि उठली.

त्या दिवसांत ती आईला काम समजावून सांगायची, आणि ऐकायचे विद्याधर. “आई, अख्खं गाणं कुणाच्या लक्षात राहत नाही. एक ओळ राहते. आम्ही तिला हुक म्हणतो. ती दुसऱ्यांदा आली की ऐकणाऱ्यानं आपणहून म्हणायला लागलं पाहिजे, इतकी ती सोपी हवी. बाकीचं गाणं तिच्यासाठीच असतं. ते आपल्याला तिच्यापासून जरा लांब नेतं, म्हणजे ती परत भेटली की बरं वाटतं.”

“मग सोप्पंच आहे की,” नयनाबाई म्हणाल्या.

“सोपं दिसणारंच अवघड असतं गं.”

दुसऱ्या खेपेला तिनं एकच ओळ केली, ‘मला हवंय’. म ओठांवरचा, म्हणून सुरुवात सोपी. ‘हवंय’ला आवाज वर चढायचा. पुढं पाणी, चहा, चष्मा, जे हवं ते. धनलक्ष्मीनं त्यांचा डावा हात हातात घेऊन टेबलावर ठेका धरायला शिकवलं, आणि दोन आठवड्यांत विद्याधर ठेक्यावर ‘मला हवंय पाणी’ म्हणू लागले. नयनाबाईंनी शेजारीपाजारी पेढे वाटले.

तिथंच बिघडलं. बातमी ऐकून माणसं येऊ लागली. जो येईल तो समोर बसून म्हणायचा, “काका, म्हणून दाखवा ना!” शेजारच्या अक्का नातवंडांना घेऊन आल्या. “मला हवंय काय? बिस्कीट?” त्या गोड आवाजात विचारू लागल्या, आणि विद्याधरांच्या मांडीवर बशी ठेवून सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत थांबले. विद्याधरांनी बशीकडं पाहिलं. मग शांतपणे ती बाजूच्या स्टुलावर ठेवली आणि तोंड मिटलं. त्यानंतर ते ती ओळ कुणासमोरच म्हणेनात, केंद्रातही नाही.

“बाबा, चाल आवडली नाही का?” वल्लरीनं जवळ बसून विचारलं.

“सरी.”

ती त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. चाल चांगली होती, हे त्यांना सांगायचं होतं. मागून घेण्यात कमीपणा नाही, हेही त्यांना समजत होतं. पण सकाळ-संध्याकाळ नुसतं ‘मला हवंय, मला हवंय’ म्हणत बसणारा तो माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. सबंध आयुष्यात त्यांनी कुणापुढं हात पसरला नव्हता, आणि आता बोलायला मिळालं तर तेवढंच मिळालं होतं.

रविवारी आशय आला. तो आणि त्याची बायको गौरी हेब्बाळला राहत. दोघंही तिथल्याच टेक पार्कमध्ये, आणि शहराच्या त्या टोकाहून बनशंकरीला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. आशय मनानं चांगला होता. आईबापांच्या काळजीनं त्याची झोप उडाली होती.

“आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा होतोय,” तो उत्साहानं सांगू लागला. “समोर इस्पितळ आहे, आम्ही वर आहोत, यायला-जायला लिफ्ट आहे. हे घर भाड्यानं देऊन टाकू. इथं झोपायची खोली माडीवर. बाबांनी रोज तो जिना चढायचा म्हणजे आईच्या जिवाला घोर. बरोबर ना आई?”

नयनाबाई घुटमळल्या. “यांना विचार.”

“बाबा, जाऊ या ना हेब्बाळला? चालेल ना?”

विद्याधरांच्या डोक्यात उत्तर तयार होतं, कारणांसकट. हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. सकाळी देवळाच्या रस्त्यानं चालायला निघालं की चार माणसं हात करायची. इथं ते विद्याधर होते. तिथं आशयचे वडील झाले असते. हे सगळं त्यांच्या घशापर्यंत आलं.

“सरी,” ते म्हणाले.

“बघ! बाबाच हो म्हणाले,” आशयचा चेहरा उजळला. “पुढच्या रविवारी एक जोडपं घर बघायला येईल, ऑफिसमधल्या माझ्या मित्राच्या ओळखीचं.” आणि तो गौरीशी सामानाचं बोलू लागला.

विद्याधरांचा डावा हात वर गेला. तळवा समोर, बोटं ताठ. कुणी बघितलं नाही, म्हणून तो जरा वेळ तसाच राहिला आणि मग खाली आला.

कुणी बघितलं नाही असं त्यांना वाटलं. वल्लरीनं बघितलं होतं. ती दारात कपबशांचा ट्रे घेऊन उभी होती आणि तशीच उभी राहिली.

आशय-गौरी गेल्यावर ती त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. तिनं आपला तळवा तसाच वर केला, समोर, बोटं ताठ. आणि सुरात, पण अगदी त्यांच्या आवाजाच्या वळणानं म्हणाली:

“थांबा जरा, मी सांगतो.”

विद्याधर दचकले. हा त्यांचाच आवाज होता. कारखान्यात बैठक भरकटली की, घरात मुलं भांडायला लागली की, नवराबायकोच्या वादात मुद्दा निसटू लागला की ते हात वर करून हेच म्हणायचे. वल्लरी आणि आशय लहानपणी पलंगावर उभे राहून त्यांची नक्कल करायचे आणि हसून लोळायचे.

“चाल मी केलेलीच नाही, बाबा,” वल्लरी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “तुमचीच आहे. तुम्ही हे नेहमी असंच म्हणायचात. ‘थांबा’ वरून यायचं, ‘जरा’ला खाली उतरायचं, मग क्षणभर गप्प. आणि ‘मी’वर सगळा भार. मी फक्त सूर पक्के केले आणि ‘मी’ समेवर आणून ठेवला.”

तिनं ओळ दोनदा म्हटली. पुढं काहीच म्हटलं नाही. फक्त मांडीवर ठेका चालू ठेवला, एक अख्खं आवर्तन, आणि मग पुन्हा ओळीवर आली.

“इथं मधे मी काही लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “आधी लिहून चुकले. ही जागा तुमची. हुक म्हटला की लोक थांबतील. मग तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्यायचा, एक शब्द सांगा नाहीतर दहा.”

त्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. विमानाच्या पंखाच्या आत मोकळी जागा का ठेवतात, हे त्यांनी किती जणांना शिकवलं असेल! ही पोर न शिकवता तिथं पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. ‘थां’ अडायचा. जीभ दातांमागं चिकटायची आणि सुटायचीच नाही. वल्लरीनं सुरुवातीला एक लांब हुंकार जोडला. हुंकारावरून घसरत ‘थां’वर यायचं. धनलक्ष्मीनं डाव्या हाताचा ठेका बसवून घेतला. विद्याधर आता ‘पुरे’ असं कधी दाखवेनात. वल्लरी दमायची, तरी ते टेबलावर बोटं वाजवून तिला परत बसवायचे. गुरुवारी ‘थांबा जरा’ आलं. शुक्रवारी ‘मी’ आला, पण असा जोरात की स्वयंपाकघरात नयनाबाईंच्या हातातला डाव पडला.

शनिवारी सकाळी नयनाबाईंनी नेहमीसारखी ओट्सची खीर वाटीत घालून आणली. डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज तीच. विद्याधरांनी वाटीकडं पाहिलं, डावा हात टेबलावर ठेवला आणि ठेका धरला.

“थांबा जरा, मी सांगतो,” ते गायले. ठेका चालू राहिला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. “न... नको.”

नयनाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी वाटी उचलली, छातीशी धरली आणि हसत-रडत म्हणाल्या, “नको ना? अहो नको तर नको! काय देऊ? पोहे करू?”

“नको,” विद्याधर पुन्हा म्हणाले. पोहे हवे होते. पण तो शब्द इतक्या दिवसांनी हाती लागला होता की एकदा म्हणून त्यांचं समाधान होईना.

रविवारी आशय त्या जोडप्याला घेऊन आला. हुबळीकडची तरुण मंडळी, बोलायला मऊ. नवऱ्यानं बूट बाहेर काढले, बायकोनं बागेतल्या कर्दळीचं कौतुक केलं. आशय त्यांना खालची खोली, स्वयंपाकघर, माडी दाखवून आला आणि दिवाणखान्यात सगळे उभे राहिले.

“पुढच्या महिन्यात आईबाबा माझ्याकडं येतायत,” आशय त्यांना हिंदीत सांगत होता. मग वडिलांकडं वळला. “हो ना बाबा?”

विद्याधरांनी खुर्चीच्या हातावर डावा हात ठेवला. ठक, ठक. वल्लरी कोपऱ्यात उभी होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. म्हणायचा मोह तिलाही झाला असणार, पण तिनं म्हटलं नाही.

“थांबा जरा, मी सांगतो.”

आशयचं तोंड उघडंच राहिलं. लहानपणी नक्कल करून करून घासून टाकलेली ती ओळ, तीच वळणं.

“थांबा जरा, मी सांगतो,” विद्याधरांनी हात वर केला.  “घर. माझं.” ठेका. “इथंच... राहणार.”

“पण बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्हीच सरी...” आशय बोलता बोलता अडखळला. आपण काय म्हणतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. “बाबा,” तो हळू आवाजात म्हणाला, “तो जिना?”

वडिलांनी पुन्हा ठेका धरला. या वेळी ओळ अर्ध्यावरच सोडली. “थांबा जरा... खाली.” त्यांनी खालच्या खोलीकडं बोट केलं. “खाट.”

“खाट खाली आणायची,” नयनाबाई म्हणणार होत्या, पण वल्लरीनं त्यांच्या दंडाला हात लावला, आणि विद्याधरांनी ‘आणा’ स्वतःच म्हणून टाकलं.

ते हुबळीचे गृहस्थ इतका वेळ गोंधळून उभे होते. भाषा पूर्ण कळली नव्हती, मतलब कळला होता. “परवागिल्ला सर,” ते हात जोडून म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही. आणि जाताना विद्याधरांना वाकून नमस्कार करून गेले. आशय त्यांना फाटकापर्यंत पोचवून आला आणि वडिलांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. त्यांचा आजारी हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.  दुपारी त्यानं आणि वल्लरीनं मिळून खाट सुटी करून खाली आणली, आणि पुढच्या रविवारी तो न्हाणीघरात आधाराचे कठडे बसवायला माणूस घेऊन हजर झाला.

धनलक्ष्मीनं ही हकीकत दोनदा सांगायला लावली. मग म्हणाली, “वल्लरी, हे एकट्या काकांचं गाणं ठेवू नको. माझ्याकडं येणाऱ्या सगळ्यांना हेच पाहिजे बघ. पाणी कोणपण देतंय. थांबतंय कोण?”

दोघींनी मिळून ती ओळ कन्नडात नेली: ‘स्वल्प इरी, नान हेळ्तीनि’. जरा थांबा, मी सांगतो. शब्दांची वळणं तीच बसावीत म्हणून वल्लरी दोन दिवस झगडली, कारण कन्नड बोलण्याचा चढ-उतार वेगळा. अखेर तिनं केंद्रातल्या पेशंटांच्या नातेवाइकांना ती ओळ चिडून, लाडानं, हुकमानं म्हणायला लावली आणि त्यातून सूर उचलले. जो मान तिनं बाबांच्या ओळीला दिला होता, तोच तिथंही दिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत केंद्राचा मेळावा जयनगरमधल्या एका शाळेच्या सभागृहात झाला. पेशंट अर्धगोलात बसले. वल्लरी बाजूला कीबोर्डवर. तिनं गाण्याचा आराखडा समजावून सांगितला होता: हुक सगळ्यांनी दोनदा म्हणायचा, मग मोकळं आवर्तन एकाचं, मग पुन्हा सगळ्यांचा हुक. भाषा ज्याची त्याची.

हयवदन राव नावाचे गणिताचे निवृत्त प्राध्यापक वर्षभर चारचौघांत तोंड उघडत नव्हते. त्यांची पाळी आली. हुक संपला, ठेका चालू राहिला, आणि राव खणखणीत आवाजात कन्नडात म्हणाले, “काफी... चन्नागिल्ला!” कॉफी चांगली नाही. सभागृह हसून कोसळलं, सगळ्यांत मोठ्यानं त्यांच्या पत्नी हसल्या, आणि राव विजयी वीरासारखे चहूकडं बघत बसले.

शेवटची पाळी विद्याधरांची. ते काय म्हणणार हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं स्वतः लावली होती. अर्धा तास लागला होता. हुक दोनदा झाला. चाळीसएक गळ्यांतून आपलीच सवयीची ओळ ऐकताना त्यांच्या अंगावर काटा आला. मग मोकळं आवर्तन सुरू झालं.

“हे... गाणं,” ते म्हणाले. ठेका पुढं सरकत होता. “माझ्या...”

आवर्तन संपत आलं. नियमानं इथं हुक यायला हवा होता. काही पेशंटांनी तोंडंही उघडली होती. वल्लरीनं मान न वळवता डावा हात उंचावून सगळ्यांना थांबवलं आणि उजव्या हातानं ठेका तसाच आणखी एक फेरा पुढं नेला. तोही कमी पडला तसा आणखी एक.

“माझ्या मुलीनं,” विद्याधर म्हणाले, “वल्लरीनं. केलं.”

मग हुक आला तो असा, की मागच्या रांगांतले नातेवाईकही म्हणू लागले. वल्लरी म्हणत नव्हती. ती खाली मान घालून वाजवत होती आणि तिचे सूर दोन ठिकाणी चुकले. विद्याधरांना ते ऐकू आले. ते ताठ बसले होते, हनुवटी वर. बैठकीत एखाद्या तरुण सहकाऱ्याचं काम स्वतः मांडताना बसायचे तसे.

परत येताना रिक्षात नयनाबाईंच्या मांडीवर हारफुलांची पिशवी होती, वल्लरीच्या पायांशी कीबोर्ड. साउथ एंड सर्कलच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा विद्याधरांनी वल्लरीच्या गुडघ्यावर बोटानं टकटक केलं.

“शेवटी,” ते म्हणाले. “हुक. तीनदा.”

“हो, शेवटी तीनदा घेतला. मग?”

“एक... जास्त.”

वल्लरीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. “जास्त? नाही हां बाबा. शेवटी तीनदाच हवा. लोकांना घरी घेऊन जायचा असतो तो.”

“दोन... पुरे.”

“दोनात सभागृह तापतच नाही! तुम्ही बघितलंत ना, तिसऱ्याला मागचे लोक उठले.”

“ताप...” ते अडले. वल्लरी शब्द न सुचवता थांबली. रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं. “तापले. दुसऱ्यालाच.”

“आई, तू सांग!”

“मला तुमच्यात ओढू नका,” नयनाबाई म्हणाल्या.

बनशंकरी येईपर्यंत बापलेकीचं एकमत झालं नाही.